टाकी सोडून

“अमेरिकेले काय बोलाचं ते बोला बाबा, पन टाकीले हात लावू नका,” असं म्हणत विकासने ओला फडका बापाच्या हातात दिला.

जगदेवने फळ्याकडे पाहिलं. सकाळी सातलाच त्याने तो भरून टाकला होता. शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाला तेव्हा मोडीत निघालेला हा फळा त्याने मागून आणला आणि एसटी थांब्याच्या भिंतीला ठोकला. त्याला अकरा वर्षं झाली. केनवडहून जीपमधून येणारे पेपर आठवडाभर वाचायचे आणि बाजाराच्या दिवशी लिहायचं. वर ‘जग’, खाली ‘गाव’, आणि प्रत्येक बातमीखाली ‘माझे मत’. मोठमोठ्या देशांच्या प्रमुखांना त्याने कितीदा खडे बोल सुनावले होते, पण त्यांच्यापैकी कोणी मनावर घेतल्याचं दिसलं नाही. गावातले लोक चहा पिता पिता वाचायचे, हसायचे, ‘संपादक’ म्हणायचे. त्याचंही हल्ली वाईट वाटेनासं झालं होतं.

आज ‘गाव’खाली लिहिलं होतं : ‘तांड्याची टाकी बांधून आठ महिने झाले. एक दिवसही पाणी आले नाही. माझे मत : ग्रामपंचायत टाकी बांधून पाणी सोडायचे विसरली.’

“यात खोटं काय हाय?” जगदेव म्हणाला.

“खरं हाय म्हनून तं पुसा. सोमवारी माया करारावर सरपंचाची सही हाय. पाच वर्सं पंचायतीत कॉम्प्युटरवर बसून राह्यलो मी. काल त्यानं सांगतलं, तुया बापाचा फळा पाहून सही करतो.”

“म्या तुयं नाव कुठं लिवलं?”

“आडनाव तं एकच हाय ना!” विकासचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “तुमच्या सुनेले सातवा महिना चालू हाय. आता कुठं जाऊ मी, सांगा.”

साऱ्या जगाला सल्ला देणारा जगदेव फळ्याकडे वळला. त्याने फडका फिरवला. पुसायला वेळ लागला नाही. विकास ते होईपर्यंत उभा राहिला, मग मोटारसायकल काढून निघून गेला.

जगदेवला लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागालाही अंगात काही शिल्लक असावं लागतं. रिकाम्या जागी त्याने लिहिलं, ‘बाजारात मेथी भरपूर आली आहे.’ मेथीबद्दल त्याचं मत काय, ते काही केल्या आठवेना.

तेवढ्यात दोन रिकाम्या कॅन घेऊन रुपाबाई आली. तांडा दोन किलोमीटरवर. ती रोज गावातल्या नळावर पाणी भरायला यायची आणि बाजाराच्या दिवशी त्याच्याकडून फळा वाचून घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं, आणि गावात जगदेवच्या मतावर मनापासून विश्वास ठेवणारी बहुधा ती एकटीच.

“जगदेवभाऊ, ते लढाई मिटली काय?”

“नाई मिटली. मिटवा म्हनून लिवलं म्या.”

“चांगलं केलं. लेकरं मरून राह्यले तिकडं.” ती जवळ सरकली. “अन् आमच्या टाकीचं?”

“टाकीचं...” जगदेवने फडक्याची घडी घातली. “काई नाई लिवलं.”

रुपाबाईने कॅन खाली ठेवल्या. मग तिचा चेहरा उजळला.

“म्हंजे आलं पानी!”

“काय?”

“तुमीच तं म्हनलं होतं मांगच्या बाजारी, येत्या बाजारापावतर पानी नाई आलं तं फळ्यावर लिवतो. लिवलं नाई, म्हंजे आलं! मी सकायीच निंगाली ना, मांगून सोडलं असन.” तिने पदर खोचला. “तुमच्या धाकानंच सोडलं भाऊ त्याईनं.”

तिने दोन्ही कॅन उचलल्या. नळ दहा पावलांवर होता, पण तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

जगदेवने हाक मारायला तोंड उघडलं. पाणी आलं नाही म्हणावं, तर मग लिहिलं का नाही, हे ती विचारणारच. त्याने फडक्याची घडी मोडून पुन्हा घातली. रुपाबाई रिकाम्या कॅन हलवत तांड्याच्या रस्त्याला लागली होती, पाणी आलेल्या घराकडे बाई जाते तशी, भरभर.