ताईच्या आवाजासाठी अठरा जीबी

दोनशे चौदावं वाक्य वाचून ताईने पाण्याचा घोट घेतला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पिवळी पट्टी आली : जागा शिल्लक नाही.

"आता याला काय झालं?" ताईने विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"तू बोलू नकोस. मी बघते," तिची धाकटी बहीण म्हणाली.

मंगळवारची दुपार होती आणि गुरुवारी सकाळी ताईचं ऑपरेशन. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. ताईने सव्वीस वर्षं टेलिफोन बोर्डावर काढली होती. तिच्या आवाजावर लोक तिला रस्त्यात ओळखत. इस्पितळातल्या वाचातज्ज्ञ बाईंनी त्यातल्या त्यात एक वाट काढली. भावोजींच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनी एक प्रोग्राम बसवून दिला. ताईने सहाशे वाक्यं वाचायची, निदान चारशे तरी. मग पुढे ती जे टाइप करेल, ते मशीन तिच्या आवाजात बोलून दाखवेल. एवढं करून बाई परगावी गेल्या आणि त्यांचा फोन लागेना.

ताई सलग दहा मिनिटं वाचू शकत होती. मग अर्धा तास विश्रांती. त्यात ही जागेची भानगड.

धाकटीने रेकॉर्ड झालेली वाक्यं आधी पेन ड्राइव्हवर उतरवली. मग साफसफाई सुरू केली. फोटो हलवले, जुने सिनेमे उडवले, कचरापेटी रिकामी केली. हाती दोन जीबी आले. प्रोग्रामला हवे होते बारा, आणि तेही त्याच डिस्कवर. बाहेरची जागा त्याला चालत नव्हती.

डिस्कचा नकाशा उघडल्यावर तिला तो चौकोन दिसला. अठरा जीबी. त्याला नाव नव्हतं, नुसतं 'रिकव्हरी' लिहिलेलं.

"भावोजी, हे काय आहे?"

भावोजी उठून आले. लिफ्ट तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस. घरातला एक स्क्रू टाकू देत नसे. "त्याला हात लावू नकोस," ते म्हणाले. "कंपनीने आतच ठेवलेली प्रत आहे ती. मशीन बंद पडलं की त्यातून पुन्हा पहिल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी बसलं होतं, तेव्हा त्यानेच तारलं. आणि ती कंपनी आता राहिलीसुद्धा नाही."

"पण जागा दुसरीकडे कुठे नाही."

"अगं, लिफ्टमध्ये माणसं असताना आपत्कालीन ब्रेक काढतात का?"

"आणि लिफ्ट चढतच नसेल तर ब्रेक घेऊन काय करायचंय?"

दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण होती. तो चौकोन ठेवावा, तर ताईचा आवाज दोनशे चौदावर अडकलेला. काढावा आणि उद्या मशीन बसलं, तर प्रोग्रामही गेला आणि वेळही गेली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. काच चुकली तर दुसरी घेता येते. इथे दुसरी कुठून आणणार?

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"काढता येतं, मॅडम," तो म्हणाला. "पण आधी त्याची प्रत बत्तीस जीबीच्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर काढा. तास-दीड तास लागेल. प्रत झाली की मशीन स्वतःच विचारेल, आतलं काढू का म्हणून. तिथेच 'हो' म्हणा. नकाशात हाताने काही उडवू नका. शंभर एमबीचा एक बारका तुकडा दिसेल, त्याला चुकूनही हात लावला तर मशीन सुरूच होणार नाही."

"प्रतीवरून नक्की परत येतं ना?"

"शंभरातल्या नव्वदांचं येतं."

उरलेल्या दहांचं काय होतं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

भावोजी चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन ड्राइव्ह घेऊन आले. प्रत सुरू झाली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दहा टक्के. बारा टक्के. दर पाच मिनिटांनी दोघांपैकी कोणीतरी उठून बघून येई.

"अहो, तिकडे काय दळण टाकलंय का, सारखे बघताय ते?" ताई खाटेवरून म्हणाली.

"बोलू नकोस गं," भावोजी कळवळून म्हणाले. "आवाज जपून ठेव."

ताई उठून बसली. "कशासाठी जपू? सकाळपासून मी त्या डबड्याला सांगतेय, 'बाजारात केळी आहेत', 'आज हवा बरी आहे'. तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. दोनच दिवस राहिलेत माझे बोलायचे. ते सगळे त्यालाच देऊ?"

धाकटी तिच्या पायाशी जाऊन बसली. मग ताई बोलत राहिली. हळू आवाजात, थांबत थांबत. लहानपणी धाकटीला शाळेत पोचवताना दोघी चुकल्या होत्या ते, भावोजींनी पहिल्या भेटीत तासभर नुसतं लिफ्टच्या दोरांबद्दल सांगितलं होतं ते. "मला वाटलं, हा माणूस लग्नाचं विचारतोय की मला वर चढवतोय!" भावोजी हसले आणि चष्मा पुसत बसले. या बोलण्यात किती वाक्यं खर्ची पडली, ते कोणी मोजलं नाही.

पट्टी शंभरावर गेली. पडद्यावर प्रश्न आला : रिकव्हरी विभाग काढून टाकायचा का? काढल्यावर तो परत आणता येणार नाही.

धाकटीचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थबकलं. तिने भावोजींकडे पाहिलं. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ताई म्हणाली. "परत आणता येणार नाही असं काढायचं म्हणून मी सही केलीच आहे ना परवा? ते दाब."

भावोजींनी हात पुढे केला आणि स्वतःच दाबलं.

नकाशात अठरा जीबी काळे झाले. ती मोकळी झालेली जागा धाकटीने मुख्य विभागाला जोडली, तरी प्रोग्राम जागा नाहीच म्हणत होता. मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं. पडदा काळा झाला, आणि काळाच राहिला. एक मिनिट. दोन. भावोजी पुटपुटले, "माझ्या हाताने झालं." चौथ्या मिनिटाला एक पांढरा ठिपका फिरू लागला आणि लॅपटॉप उघडला.

"दोनशे पंधरा," ताई म्हणाली. "आण इकडे."

त्या दिवशी आणि बुधवारी मिळून ती चारशे सदतीसपर्यंत पोचली. चारशे अडतिसाव्यात आवाज फुटला तो फुटलाच. धाकटीने लॅपटॉप मिटला. सगळी वाक्यं तीन ठिकाणी उतरवून ठेवली आणि तरीही रात्री तिला झोप लागली नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन आठवड्यांनी, गळ्यावरची पट्टी लहान झाल्यावर, परगावाहून परतलेल्या वाचातज्ज्ञ बाईंनी लॅपटॉप ताईच्या मांडीवर ठेवला. ताईने एका बोटाने बराच वेळ टाइप केलं. यंत्रातून सर्दी झाल्यासारखा, जरा सपाट, पण तिचाच आवाज आला :

"धाकटे, पंखा कमी कर. यांना गार वारं सोसत नाही."

धाकटी पंख्याच्या बटणाकडे गेली खरी, पण डोळे भरून आल्यामुळे तिने चुकून दिवाच बंद केला. अंधारात ताईची बोटं पुन्हा चालू लागली. दिव्यावरून काय ऐकून घ्यावं लागणार, ते धाकटीला ठाऊक होतं, आणि ती उभी राहून त्याचीच वाट बघत होती.