दोन महिन्यांच्या ट्रासाची भाषा

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावात स्वरांगीच्या घराच्या भिंतीला भिंत लागून टेस डीलेनी राहत. फेब्रुवारीत त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली होती, तरी सकाळचा चहा त्या आपला आपणच करून घेत. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरीला असलेली स्वरांगी तिथल्या रीतीप्रमाणे त्यांना नुसतं टेस म्हणे. साताऱ्याहून मुक्कामाला आलेल्या तिच्या आईला, प्रभाताईंना, ते काही पटेना. शंभरीच्या बाईला नावाने कशी हाक मारायची? त्यांनी पहिल्याच दिवशी 'टेसबाई' सुरू केलं आणि म्हातारीला ते फार आवडलं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी १९२६ची जनगणना लोकांसाठी खुली झाली. शंभर वर्षं बंद ठेवलेले घराघरांचे कागद आता इंटरनेटवर, कुणालाही, फुकट बघता येणार होते. रेडिओवर बातमी ऐकून टेसबाईंनी कुंपणापलीकडून हाक मारली.

"तुझा लॅपटॉप घेऊन ये. मी त्यात आहे का ते बघायचंय. दोन महिन्यांची होते तेव्हा."

प्रभाताईही मागोमाग गेल्या. तिघी स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या. स्वरांगीने माहेरचं नाव विचारलं.

"डन. टेरेसा डन. वडील जेम्स. आई नोरा." टेसबाई थोडं थांबून म्हणाल्या, "आई मी दीड वर्षाची असतानाच गेली. तिचा फोटो नाही, काहीच नाही. बाबांनी दुसरं लग्न केलं आणि मग घरात तिचं नाव निघालं नाही. माझी हनुवटी तिच्यासारखी आहे, असं एकदा मावशी म्हणाली होती. तेवढंच."

स्वरांगीने नाव घातलं. त्या भागात डन पैशाला पासरी. पण नोरा आणि टेरेसा एकत्र असलेलं घर काही निघेना. जेम्सही वेगळेच निघत होते.

"बघ, मी नाहीच म्हणायची," टेसबाई हसत म्हणाल्या. पण त्यांचा कप हातात तसाच राहिला होता.

"नावाने नको, गावाने बघू," स्वरांगी म्हणाली. टेसबाईंनी ठिकाण सांगितलं, माउंटमेलिकच्या बाहेर, कालव्याच्या काठी. तिथल्या घरांचे कागद ती एकेक करून उघडू लागली. शेतमजूर, शिंपीण, सुतार, सगळ्यांची वळणदार इंग्रजी अक्षरं. प्रभाताईंना इंग्रजी बेताचंच येई, त्या नुसत्या बघत होत्या.

"अगं थांब. मागे जा जरा," त्या एकदम म्हणाल्या. "या अक्षरांवर टिंबं आहेत. आपले अनुस्वार असतात ना, तशी. हे इंग्रजी नव्हे."

स्वरांगी मागे गेली. खरंच, बाकीच्यांनी इंग्रजीत भरलेला कागद या एका घराने आयरिशमध्ये भरला होता, तोही जुन्या लिपीत. म्हणून तर इंग्रजी नाव घालून काही सापडत नव्हतं.

"टेस, तुमच्या वडिलांना आयरिश येत होतं?"

"बाबांना? एक शब्द नाही." मग त्यांनी सावकाश चष्मा लावला. "आई कॉनेमाराची होती. समुद्राकडची. तिकडे घरात आयरिशच बोलत. आणि बाबा कालव्यावरच्या बोटीवर कामाला. रात्र रात्र बाहेरच असायचे."

त्या जनगणनेत ज्याने रात्र जिथे काढली, तिथेच त्याची नोंद झाली होती. म्हणून या कागदावर दोनच नावं होती, आईचं आणि बाळाचं, आणि खाली सही. सहीचं वळण आणि वरच्या नावांचं वळण एकच.

टेसबाई लॅपटॉपच्या पडद्याजवळ वाकल्या.

"हे तिने लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिच्या हाताने."

स्वरांगीने अक्षरं मोठी केली. वय, तेवीस वर्षं आणि चार महिने.

"माझी नात एकतीस वर्षांची आहे," टेसबाई हळूच म्हणाल्या. "ही तर पोर आहे गं."

पुढच्या रकान्यात भाषा विचारली होती. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी हा रकाना भरू नये, अशी सूचना वर छापलेली होती. नोराने ती वाचली नसेल, किंवा वाचून मानली नसेल. स्वतःपुढे तिने 'आयरिश' लिहिलं होतं आणि दोन महिन्यांच्या बाळापुढेही तेच. बाळापुढचा शब्द कुणीतरी नंतर रेघ मारून खोडला होता, पण रेघेखाली तो स्वच्छ दिसत होता.

"काय खोडलंय?" प्रभाताईंनी विचारलं. स्वरांगीने सांगितलं.

"त्यात चुकलं काय तिचं?" प्रभाताई म्हणाल्या. "आई ज्या भाषेत बोलते, तीच बाळाची भाषा."

स्वरांगीने ते टेसबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे ती माझ्याशी बोलत होती," त्या म्हणाल्या. "तिला आवाज असेल, हे कधी माझ्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं मला ती मुकीच दिसायची."

मग बोट टेकवत त्यांनी आपलं नाव वाचलं. "ट्रासा." टेरेसाचंच हे आयरिश रूप. शाळेत नन त्यांना याच नावाने हाक मारत आणि त्यांना राग येई, नाव नन लोकांनी लादलंय असं वाटे. त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्याने उच्चारलं.

"हे आता इथेच राहणार? परत बंद नाही ना करणार?"

"नाही. कुणीही कधीही उघडावं. साताऱ्यात बसूनसुद्धा."

"माझी आई साताऱ्यात," टेसबाई म्हणाल्या आणि नवलाने प्रभाताईंकडे बघत राहिल्या.

मे महिन्यात प्रभाताई साताऱ्याला परतल्या. पंधरवड्याने त्यांचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी बहीण संध्या आणि तिची सून शेजारी बसल्या होत्या, समोर तोच कागद उघडलेला होता. "टेसबाईंना दाखव गं," त्या म्हणाल्या. स्वरांगी फोन घेऊन कुंपणाशी गेली. फोनच्या पडद्यावर अनोळखी भाषा बोलणाऱ्या तीन बायका नोराच्या अक्षरांवर बोट फिरवत होत्या आणि टेसबाई, हात बागेतल्या मातीने भरलेले तसेच, कुंपणाला धरून ते बघत उभ्या होत्या.