‘म्हणाले’नंतरची ओळ

“दादाने मुद्दाम तोडलंय,” ताई फोनवर म्हणाली. “‘जाताना बाबा थोरल्या लेकीसाठी म्हणाले,’ आणि पुढे काहीच नाही! बापाचे शेवटचे शब्दसुद्धा मला द्यायला जिवावर आलं गं त्याच्या.”

धाकट्या बहिणीने ऑफिसात बसल्या जागी वेबसाइटवरचं बाबांच्या निधनाचं पान उघडलं. खरंच, स्वल्पविरामापाशी सगळं संपलं होतं. बाबा गेले तेव्हा जवळ एकटा दादाच होता. ताई परदेशातून वेळेत पोचली नाही, आणि तिचा नि दादाचा सहा वर्षं अबोला. हे चार शब्दही तिला मिळाले नसते, तर तो अबोला आता जन्माचाच झाला असता.

पण दोष दादाचा नव्हता. निधनाचे मजकूर लावायचं हे पान धाकटीच्याच ऑफिसचं, आणि चार वर्षांपूर्वी तिनेच ते घाईघाईत बांधलेलं. मजकूर कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, हे त्या पानाला अवतरणचिन्हांवरून कळायचं. मजकुरातच कुणी तसं चिन्ह घातलं की पान समजे, झालं, आटोपलं. त्यावर उपाय होता. आतलं चिन्ह संकेताच्या रूपात पाठवायचं, म्हणजे पान फसत नाही. फार तर अर्ध्या तासाचं काम. पण धाकट्या बाईसाहेबांनी अंग चोरलं आणि काउंटरवरच्या मावशींना सांगून ठेवलं, “लोकांना म्हणा, कोट, म्हणजे ती अवतरणचिन्हं, चालत नाहीत.” मावशी इमानेइतबारे रडत्या माणसांच्या कागदांवर लाल पेन चालवत आल्या. दादाने मात्र मजकूर घरूनच भरला होता, कोटांसकट.

“ताई, फोन ठेवू नकोस.”

धाकटीने पानाच्या साच्यातली, टेम्प्लेटमधली, ती ओळ उघडली. चिन्हाचा संकेत करणारा एक शब्द घातला, सेव्ह केलं.

“आता उघड बघू.”

पलीकडे ताई हळूहळू वाचू लागली.

“‘तिला म्हणावं, जिवाची धावपळ करू नकोस. वाट बघत झोपतोय, रुसून नाही.’ खाली लिहिलंय, शब्द जसेच्या तसे आहेत, ताईने वाचावेत.” तिला हुंदका आवरेना. “दादाचा नंबर तोच आहे ना गं?”

“तोच आहे.”

फोन ठेवून धाकटी वळली, तर मागे मावशी उभ्या.

“म्हणजे कोट चालतात आता?”

“चालतात, मावशी. तेव्हाही चालले असते. मीच आळस केला.”

मावशींनी कपाट उघडून चार वर्षांच्या कागदांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. मधूनच एक कागद बरोबर ओढून काढला. लाल रेघ त्यावरही होती.

“हा आमच्या ह्यांचा,” त्या म्हणाल्या. “आधी एवढा घेशील?”