हेल्मेटातला खिसा

तेव्हा मोबाइल नुकतेच खिशात मावायला लागले होते. शिवणकाकूंचा मुलगा मोटारसायकलवरून दुकानोदुकानी माल पोचवायचा, आणि फोन आला की मान वाकडी करून तो खांद्याशी दाबून धरायचा. बघून काकूंच्या काळजाचं पाणी व्हायचं. शेवटी त्यांनी हेल्मेटाच्या अस्तरात, कानापाशी, एक खिसाच शिवून दिला. फोन त्यात सरकवायचा, दोन्ही हात मोकळे. फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय मुलानं करून घेतली. खिसा इतका बेमालूम बसला की गल्लीतल्या चौघांनी तसाच मागून घेतला. काकू ऐटीत म्हणायच्या, डोकं देवानं दिलंय, खिसा मी देते.

त्या दुपारी एक गिऱ्हाईक कोटासाठी दारात खोळंबलं होतं. मुलगा बटणं घेऊन निघाला होता. काकूंनी मशीन चालवता चालवताच फोन लावला आणि बटणं गडद आहेत की फिकी ते विचारलं. घरी आल्यावर बघ की, तो म्हणाला. काकूंना कुठला धीर!

"पिशवी हँडललाच आहे ना? बघ जरा."

"गडदच आहेत, आई..."

मग लोखंड फरफटल्याचा आवाज. मग काहीच नाही. काकूंचा पाय पायडलवर तसाच चालत राहिला. कोटाची बाही पाठीला शिवली गेली तरी त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळानं त्याच फोनवर कुणी परकी बाई बोलली. मुलगा शुद्धीवर आहे, पाय मोडलाय, दवाखान्यात या.

खाटेशी हवालदार लिहून घेत होता. कुत्रं आडवं आलं, मुलगा सांगत होता. काळं होतं. आईकडे तो बघत नव्हता. सोबत आलेली शेजारीण लगेच कुत्र्यांच्या नावानं बोटं मोडू लागली.

"कुत्रं नव्हतं," काकू म्हणाल्या. "मी होते."

हवालदाराचं पेन थांबलं. "आई, गप बस गं," मुलगा पुटपुटला.

काकूंनी खाटेखालचं हेल्मेट मांडीवर ओढलं, आपल्या पिशवीतली कातर काढली आणि खिसा उसवायला घेतला. टाके त्यांचेच, बारीक आणि दुहेरी; काही केल्या सुटेनात. एकाएकी त्यांचा हात थांबला. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं.

"बाकीचे चौघं," त्यांनी विचारलं, "आत्ता कुठं असतील गं?"