नाराजांची सही

"सूनबाई, त्या पक्षात नाराज माणसाला हाकलत नाहीत, कामाला लावतात," सासरे म्हणाले होते. बत्तीस वर्षं त्यांनी त्याच पक्षाची पत्रकं छापली. मी म्हटलं, "बाबा, काळ बदललाय." आणि बाळाला कडेवर घेऊन ताईच्या प्रचाराला दारोदार फिरले.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. नर्सेसची संघटना चालवायची. डाव्यांच्या चिमुकल्या पक्षात दहा वर्षं घसा कोरडा केल्यावर तिनं ठरवलं, सासरे पत्रकं छापायचे त्या मोठ्या पक्षात शिरायचं आणि आतून बदल घडवायचा. तिकीट मिळालं, पालिकेवर निवडूनही आली. पहिल्याच भाषणात गरजली, "पालिकेच्या इस्पितळातलं पाळणाघर बंद होऊ देणार नाही!" मी त्याच इस्पितळात रक्त तपासते आणि माझं बाळ त्याच पाळणाघरात असतं. टाळ्या वाजवून हात लाल केले मी.

बदल झाला, नाही कसं म्हणू? पक्षाचे साहेब पूर्वी भाषणात एकदा 'कष्टकरी' म्हणायचे, आता दोनदा म्हणतात.

पण तिथली एक रीत आहे. निर्णयाला जो विरोध करेल, त्यालाच समितीचा अध्यक्ष करायचं, म्हणजे नोटीस त्याच्याच सहीनं निघते. पाळणाघराच्या जागी गाड्या लावायच्या ठरल्या, तेव्हा ताईनं टेबल बडवलं. साहेब म्हणे गहिवरले. "एवढी कळकळ! अध्यक्ष तुम्हीच व्हा." आणि ही बाई झाली!

मी फोन केला. "ताई, सही करू नकोस."

"तुला आतलं कळत नाही गं. मी केली तर तीन महिन्यांची मुदत मिळतेय. दुसरा लगेच कुलूप लावेल."

"लावू दे ना! निदान कुलूप त्याचं असेल."

"आणि मी बाहेर पडू? मग बदल कोण करणार?"

"कसला बदल? साहेबांच्या गाडीला सावली मिळेल, तो?"

ती हसली. मग "मला दोन दिवस झोप नाही गं," म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. तिच्या दारातला कार्यकर्ता मला सांगतो, "ताईसाहेब अभ्यास करताहेत."

सही उद्या दुपारी आहे आणि मला सुट्टी नाही. तुमच्यापैकी कुणी पालिकेत जाणार असाल, तर दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डावीकडच्या खोलीत जरा डोकावा. ती एकटीच बसलीय का, काही खाल्लंय का, बघा. आणि हातात पेन असेल, तर खुर्ची ओढून तिच्याशी बोलत बसा.