हरिणीचा सेक्रेटरी पक्षी

हरिणीने सेक्रेटरी पक्षी व्हायचं ठरवलं आणि तिच्या आईला, विद्युलताला, आकाश ठेंगणं झालं. अहो, होणारच! सात वर्षांची ही पोर शाळेत तोंड म्हणून उघडत नसे. चार माणसं समोर आली की दातखीळ बसायची. ती आपणहून फॅन्सी ड्रेसला उभी राहणार, ही काय साधी गोष्ट झाली?

आणि पक्षी तरी कसा! गरुडाच्या गोतातला, पंख चांगले दणकट, पण शिकार करणार पायी. आफ्रिकेच्या गवतात लांबच लांब तंगड्या टाकत दिवसभर हिंडतो. डोक्यामागे काळ्या पिसांचा तुरा. साप दिसला की अशी लाथ घालतो, फाड! चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर नुसतं फाड-फाड चाललं होतं. खालच्या मजल्यावरचे भांडायला येऊन गेले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सासूबाई, महालक्ष्मीबाई, तंजावरहून आल्या. नातीने रबरी सापावर पाय आपटलेला पाहिला मात्र, त्यांच्या हातातली पिशवी गळाली.

"अय्यो, नको गे! वारुळाला दूध घालून नागाकडे मागून घेतलेलं लेकरू हे. त्याच्यावरच पाय?"

विद्युलता सोलापूरची, तिचा या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता. पण तिला मूल होत नव्हतं तेव्हा याच बाई भर उन्हात अनवाणी वारुळाला जात. त्यांच्या पायाचे फोड तिने बघितले होते. कुठल्या तोंडाने भांडणार?

"आई, खोटा साप आहे हो तो. आता काही बदललं तर पोर पुन्हा गप्प होईल."

"आणि तिला काही झालं तर?" म्हातारी रडायलाच लागली. हरिणी दारात उभी राहून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर हरिणी खणखणीत बोलली. विद्युलताचे डोळे भरून आले. मग रबरी सापाची पाळी आली. हरिणीने पाय उचलला आणि समोर बसलेल्या पाट्टीकडे, म्हणजे आजीकडे, बघितलं. पाट्टीचे हात जोडलेले. पाय वरच राहिला.

"स्टॅम्प, हरिणी, पाय आपट!" पडद्याआडून टीचर म्हणाल्या. पोरं हसायला लागली. 'मार गं!' असं विद्युलताच्या अगदी ओठांवर आलं, पण शेजारी सासू बसलेली. स्वतःचाच भयंकर राग आला तिला.

हरिणीने पाय हळूच सापाच्या बाजूला टेकवला. पुढचं सगळं भाषण राहिलं. टीचरनी हात धरून तिला आत नेलं.

त्यानंतर ती बोलली नाही. रिक्षात नाही, जेवताना नाही. बापाने फोनवरून हाका मारल्या, तरी नाही. दुपारी महालक्ष्मीबाईंचा धीर सुटला. त्यांनी स्वतःच्या हाताने तो रबरी साप काढून फरशीवर ठेवला.

"मार गे कण्णा, बाळ माझं. मीच सांगते ना? नाग काही करणार नाही. एकदा फाड म्हण!"

हरिणीने सापाकडे बघितलं, पाट्टीकडे बघितलं, आणि नुसत्या मानेनेच नाही म्हटलं.