डोरीनच्या शोधात

"परत हुंगतोस?" म्हाताऱ्या वेंडेलने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं.

रेमिहिओने पुरात वाहून आलेल्या फांद्यांच्या ढिगात सळई खोल खुपसली, बाहेर काढली आणि तिचं टोक नाकाशी नेलं. नुसता चिखलाचा वास, प्रेताचा नाही. तो पुढे सरकला.

मेक्सिकोतल्या आपल्या गावात रेमिहिओ टायरची पंक्चरं काढायचा आणि घंटा वाजली की अग्निशमन दलात फुकट राबायचा. टेक्सासमधल्या पुराची बातमी ऐकून त्याने बूट चढवले, तेव्हा बायको चायो दारात आडवी उभी राहिली होती.

"तुझा भाऊ सीमेवरच्या नदीत बुडाला, तेव्हा पलीकडून कोण आलं होतं रे शोधायला?"

"कोणी नाही आलं. म्हणून तर जातोय."

चायोने कपाळावर हात मारून घेतला आणि मक्याच्या भाकऱ्या, टॉर्टिया, बांधून दिल्या.

इथे काठावरच्या मंडपात वेगळाच पूर आलेला. पुराचा इशारा देणारा भोंगा का वाजला नाही, दोष गव्हर्नरचा की वॉशिंग्टनचा, यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. एका टीव्हीवाल्या बाईने रेमिहिओच्या तोंडापुढे माईक धरला. "चूक कोणाची वाटते?"

"बाई, हा दोर धरा जरा," तो म्हणाला. बिचारीने धरला.

वेंडेलच्या गाडीवर 'मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधा' असं स्टिकर होतं. ते वाचून रेमिहिओचं डोकं फिरलं होतं, का फिरू नये? पण वेंडेलची बायको डोरीन घरासकट वाहून गेली होती, आणि अंधार पडायच्या आत सगळे ढीग यंत्रांनी उचलून नेणार होते. मग ती कधीच सापडली नसती.

ऊन कललं तसं रेमिहिओने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि आत मेणबत्ती रोवली. त्याच्या आईच्या गावी बुडालेल्याला असंच शोधत. भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती लावून नदीत सोडायची, थांबेल तिथे बघायचं.

"असलं चालतं का?"

"आमच्याकडे चालतं. तुमची शोधायची यंत्रं दमली ना आता?"

"सोड मग," वेंडेल म्हणाला.

हेल्मेट गिरक्या घेत वळणापलीकडे गेलं आणि सायप्रसच्या झाडाच्या मुळांशी अडकलं. रेमिहिओच्या आधी वेंडेलच कमरेएवढ्या पाण्यात उतरला. दोघांनी फांद्या ओढून काढल्या. आधी हात दिसला. मनगटाला ग्वादालुपेच्या माउलीचं, मेक्सिकोतल्या मेरीमातेचं पदक बांधलेलं. डोरीन नव्हे, कोणीतरी मजूर पोरगा होता.

वेंडेलकडे बघायची रेमिहिओची हिंमत होईना. पलीकडे यंत्रं सुरू झाली होती, आणि डोरीनला शोधायचा एक ढीग अजून बाकी होता.

"तुम्ही तिकडे जा," रेमिहिओ म्हणाला. "याला मी काढतो."

"एकट्याच्याने नाही निघायचा. पाय अडकलाय त्याचा. तू डोकं सांभाळ."

पोराला काठावर आणेपर्यंत यंत्र शेजारी येऊन ठेपलं. चालक ओरडला, "बाजूला व्हा!"

"थांब!" वेंडेल त्याच्यावर खेकसला. "आमचा माणूस आहे इथे."

चालकाने यंत्र बंद केलं. वेंडेल गुडघे टेकून बसला आणि त्या पोराच्या शर्टाची उघडी बटणं लावू लागला.